भासरे दमनीत, मी मागं

मोटार होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या माणसानं पुढं पुण्यात चार शहाण्या लोकाईत बसून सांगितलं म्हणे, की वऱ्हाडातली माणसं अजून बैलगाडीशिवाय हलत नाहीत. काहून हलत नाहीत? मालेगावाकडून मंगरूळकडं जाणारी सर्विस मोटार सकाळी आमच्या जऊळक्याच्या फाट्यावर थांबे. लोक टपावर चढत, बाया कोंबड्या पायाशी घेऊन बसत, आणि ऊन तापायच्या आत अर्धी वाट सरून जाये. ज्याले घाई आहे तो मोटारीनं जाये. ज्याले घाई नाही, नाहीतर संगं पोतं आहे, तो बैल जुंपे. यात पाहण्यासारखं काही नाही.

तो माणूस म्हणजे माहा भासरा. नवऱ्याचा चुलत मोठा भाऊ. त्याचा बाप नोकरीसाठी पुण्याले गेला तो तिकडचाच झाला, आणि हा तिकडंच शिकून तिकडंच कॉलेजात शिकवायले लागला. तवा मी त्याले 'ते' म्हणत होती. आता माहं वय झालं, आता 'तो' म्हणते. कोणाले राग आला तर येऊ द्या.

आगगाडीतून उतरून घरी आला आणि ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच सासऱ्याले म्हणाला, "काका, मला पाहुण्यासारखं वागवू नका. तुम्ही जसं राहता तसंच मला राहायचंय. खरं खेडं बघायचंय मला." सासरे खूश झाले. माही सासू मात्र वैतागली. तिनं त्याच्यासाठी गहू काढला होता, तर म्हणे भाकरच पाहिजे. बाज टाकली, तर म्हणे घोंगडीवर निजतो. सासू चुलीजवळ येऊन मले म्हणे, "आपण काय हौसेनं भुईवर निजतो का? घरात बाज एकच आहे म्हणून निजतो." विहिरीवर जाऊन थंड्या पाण्यानं आंघोळ केली, तर दुसऱ्या दिवशी नाक गळायले लागलं, मंग त्याच्यासाठी काढा. त्याच्या साधेपणापायी घरातलं काम दुप्पट झालं होतं.

त्यातच त्याले जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या होत्या. पहाटे उठून तो जात्याजवळ येऊन बसे, भिंतीले टेकून, डोळे मिटून. आता मले सांगा, भासरा पुढं बसला असताना सून तोंडातून आवाज काढीन का? आमच्यात भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत येते. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर बसायचं नाही, पायात वहाण घालायची नाही, आपली सावलीसुदा त्याच्या अंगावर पडू द्यायची नाही. मी उठून मागच्या दारी उभी राहो आणि सासू मुकाट्यानं दळे. तो बिचारा वाट पाहे. शेवटी सासू कंटाळली आणि म्हणाली, "गाणी ऐकायची तर सुनेच्या मायची ऐका. आसेगावात तिच्यावाणी कोणाले येत नाही." त्याले गप्प करायले बोलली ती. पण त्यानं ते गाठीले बांधून ठेवलं.

मंग एका संध्याकाळी माहा भाऊ आला. आसेगावाहून दमनी घेऊन आला. दमनी म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी, वर तट्ट्याचं छप्पर असलेली. त्याचं तोंड पाहूनच मले कळलं. अंगणात उभं राहूनच त्यानं सांगितलं, "मायच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली, पण बोलते. वैद्य म्हणते, अजून एक झटका आला तर वाचा जाईन. ती तुलेच बोलावून राह्यली, बाई. काहीतरी सांगायचं आहे तिले. मले सांगत नाही, तुह्या वहिनीले सांगत नाही. म्हणते, लेकीलेच सांगीन."

माहा जीव टांगणीले लागला. माही माय बडबडी नव्हती. जात्यावर गाये तेवढंच. कोणाले बोलावून काही सांगावं, असं तिनं आयुष्यात केलं नव्हतं. तिले मलेच काय सांगायचं असन, हेच एक डोक्यात फिरायले लागलं. ते तिच्या तोंडून ऐकायचं, वाचा आहे तोवर ऐकायचं, एवढंच मले पाहिजे होतं.

भावानं आणि माह्या नवऱ्यानं तिथंच ठरवलं. सकाळच्या मोटारीनं नवरा मले घेऊन जाईन, मधात उतरून पायवाटेनं दुपारच्या आत आसेगाव गाठू, आणि भाऊ मागून रिकामी दमनी घेऊन येईन. ठरलं होतं, बाप्पा. मी आत जाऊन मायसाठी दशम्या करायले बसली. दुधात भिजवलेल्या, मऊ, कारण तिले चावता येत नसन. तेवढ्यात ओसरीवरून भासऱ्याचा आवाज आला.

"अरेरे," तो म्हणाला. मंग म्हणाला, "काका, मीही जातो यांच्याबरोबर. त्या माउलीचं दर्शन तरी होईल. आणि मोटार कशाला? गाडी आलीच आहे की. तुम्ही लोक जसं जाता तसंच मला जायचंय. मोटारीतून काय दिसतं?"

सासऱ्यानं क्षणभरही विचार केला नाही. "जाय ना," म्हणाले. "दमनी चाललीच आहे. सून संगंच जाईन. खामखा दोन वाटा कायले? अन् पोराले कापूस वेचणीतून मोकळं कुठं करता येते." भाऊ अंगणात उभा होता. तो लेकीकडचा माणूस. लेकीकडच्या माणसानं लेकीच्या सासऱ्याले 'नाही' म्हणायचं नसते, आणि त्याच्या पाहुण्याले तर बिलकूलच म्हणायचं नसते. तो म्हणाला, "जी."

मी नवऱ्याले मागच्या दारी बोलावलं. म्हटलं, "ते जाऊ द्या दमनीनं. तुमी मले मोटारीनं सोडा." तो म्हणाला, "बाप बोलून चुकला आता. दिवस मावळायच्या आत पोचशीन." म्हटलं, "दमनीत ते बसतीन. मंग मी कुठं बसू?" तो गोठ्याकडं वळला. त्याले ठाऊक होतं. सासऱ्याले ठाऊक होतं, सासूले ठाऊक होतं, भावालेही ठाऊक होतं, की भासरा गाडीत बसला की सून त्या गाडीत बसत नाही. फक्त त्या एकाले ठाऊक नव्हतं. आणि त्याले सांगणार कोण? तुमच्यापायी आमची सून पायी चालन, असं घरच्या पाहुण्याले कोणी सांगते का? पाहुण्याचा अपमान होते तो.

तर तो दमनीत बसला, भाऊ धुरकरी म्हणून बैल हाकायले पुढं बसला, आणि मी मागं चालायले लागली. अनवाणी.

सकाळी गारवा होता, तोवर ठीक होतं. चाकाची धूळ तोंडावर येये म्हणून मी थोडी कडेनं चालत होती. त्याचं तोंड सारखं चालू. हे झाड कोणतं, ते पाखरू कोणतं, बैलाईची नावं काय. भाऊ एका शब्दात उत्तर देये. थोड्या वेळानं त्यानं मागं वळून पाहिलं आणि भावाले विचारलं, "ताई का चालतायत? जागा आहे की आत."

भाऊ म्हणाला, "तिले चालायले आवडते जी."

"काटक असतात हो तुमच्या बायका," तो म्हणाला. "आमच्या पुण्यातल्या बायकांना हे जमायचं नाही."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाचाही राग आला, पण भाऊ तरी दुसरं काय म्हणणार होता. मी पदराआडून दातओठ खात चालली.

पुढं वावरात बाया कापूस वेचत होत्या. "थांबा, थांबा," म्हणून हा उतरला आणि धोतर सावरत सरळ वावरात शिरला. त्याले कापूस वेचून पाहायचा होता. बायाईनं एकमेकीकडं पाहिलं, तोंडाले पदर लावून हसल्या. त्यानं दोन-चार बोंडं वेचली, बोटं ओरखडून घेतली, पाती-काडी सगळी संगं घेतली. मुकादमीणबाईनं तो कापूस हळूच बाजूले काढून ठेवला. मंग तो त्याईले म्हणाला, गाणं म्हणा. कोणी म्हणेना. मी बांधावर उभी, ऊन वर चढून राह्यलं होतं. मोटार तवाच मोठ्या सडकेनं पोंगा वाजवत गेली. तो आवाज मी ओळखला. त्या मोटारीत मी असायले पाहिजे होती.

भाऊ काही मूर्ख नाही. त्यानं आपल्या परीनं करून पाहिलं. वाटेत म्हणाला, "दादा, बसून बसून पाय आखडले असतीन. जरा उतरून चाला, मोकळं वाटन." त्याचा इरादा असा, की हा उतरला की मले बसवावं. तो आनंदानं उतरला. "हेच तर मला पाहिजे होतं," म्हणाला. पण भासरा पायी चालून राह्यला आणि सून गाडीत बसली, हे तर त्याहून वाईट. बघणाऱ्यानं माह्या सात पिढ्या काढल्या असत्या. म्हणजे आता तो चाले, मी चालो, आणि दमनी रिकामी. भावानं कपाळाले हात लावला. थोडं चालून भासरा दमला आणि पुन्हा वर चढून बसला.

दुपारच्या आधी एका वावरात हुरड्याची आगटी पेटलेली दिसली. भावाच्या ओळखीचा माणूस होता. त्यानं रीत म्हणून हाक मारली, "या, हुरडा खाऊन जा." आमच्यात अशा हाकेले वाटेवरचा माणूस म्हणते, "येतो मागून," आणि पुढं जाते. बोलावणाऱ्यालेही ठाऊक असते, जाणाऱ्यालेही ठाऊक असते. हा मात्र खरंच उतरला. आगटीजवळ फतकल मारून बसला. मंग त्या माणसालेही बसावं लागलं, नवीन कणसं भाजावी लागली, चटणी आणायले घरी कोणाले तरी पाठवावं लागलं. जवारीचे कोवळे दाणे हातावर चोळून तो खाये, आणि दर घासाले मान डोलावे. "काय चव आहे हो. हे पैसे देऊन मिळायचं नाही."

मी बाभळीखाली पाठ करून उभी राह्यली. बसता येत नव्हतं. भाऊ मधूनच म्हणे, "दादा, निघायचं का? घरी माय..." तो म्हणे, "हो हो, निघू ना. इथं घाई कसली. घाई तर शहरात आहेच की."

आणि मंग दशम्या. हुरडा खाऊनही त्याले भूक लागली, आणि त्याची नजर गाडीतल्या माह्या गाठोड्यावर पडली. "तुमची शिदोरी कशी असते, बघू तरी," म्हणाला. भावानं माह्याकडं पाहिलं. मी मान हलवली, पण पदराआडची मान कोणाले दिसते. लेकीच्या सासरचा माणूस तोंडानं मागून राह्यला, तर भाऊ कसा नाही म्हणणार. त्यानं गाठोडं सोडलं. मायच्या दशम्या त्यानं तिथं बसून खाल्ल्या, ठेच्यासंगं. "लोण्यासारख्या आहेत," म्हणाला. लोण्यासारख्या होत्याच. दात नसलेल्या, तोंड वाकडं झालेल्या बाईसाठी केल्या होत्या.

मले वाटलं, आता तरी सरळ जाऊ. पण कोणाच्या तरी बोलण्यातून त्याले कळलं, की किन्हीराजाले त्या दिवशी बाजार आहे. झालं. वाट वाकडी केली. आमाले आसेगावले उगवतीकडं जायचं, तर आमी सडकेवर चढून किन्हीराजाले. बाजारात त्यानं मुंडासं घेतलं, डोक्याले गुंडाळून घेतलं, ते सुटलं, पुन्हा गुंडाळलं. एका म्हातारीजवळ बसून तिच्या मिरच्याईचा भाव करून पाहिला, आणि मिरच्या घेतल्याच नाहीत. म्हातारी शिव्या देऊन राह्यली होती, तर हा म्हणे, "भाषा काय रसरशीत आहे." माहे पाय सुजले होते. टाचेत काटा रुतला होता तो काढायलेही मले आडोसा मिळत नव्हता. मी देवाले एकच म्हणत होती, मायची वाचा राहू दे. जीव मागत नव्हती मी तिचा, खरं सांगते. एक दिवसाची वाचा मागत होती.

आसेगावच्या शिवेत शिरलो तवा उन्हं उतरली होती, घराघरातून धूर निघून राह्यला होता. भासरा गाडीत पेंगत होता, मुंडासं मांडीवर. मी त्याच्याकडं पाहिलंच नाही, दमनीच्या पुढं निघून गेली. भासऱ्याच्या पुढं चालणंही चूक, पण मले कायचंच भान नव्हतं. दारात वहिनी उभी होती. तिनं मले पाहिलं आणि तोंडाले पदर लावला.

"आहे ना?" मी विचारलं.

"आहे," वहिनी म्हणाली. "पण वाचा गेली, बाई. दुपारी गेली. तोवर सारखी विचारत होती, आली का, आली का. मी म्हटलं, घाई आहे तर मोटारीनंच येतीन, आता पोचतीन. मोटारीचा पोंगा ऐकू आला तवा तिले इतका आनंद झाला. दाराकडंच पाहत राह्यली. मंग कोणी आलं नाही."

मी आत गेली. माय भिंतीकडं तोंड करून होती. मी हाक मारली तवा तिनं मान वळवली. मले ओळखलं. डोळे भरले. तोंड उघडलं, आणि नुसता घशातला आवाज निघाला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. डाव्या हातानं तिनं माहं मनगट धरलं, आणि काहीतरी सांगायचा जो जोर तिनं लावला, तो पाहवत नव्हता. मी तिच्या छातीवर डोकं टेकून रडली. वहिनी म्हणे, "असं करू नका, तिले त्रास होते." पण मले आवरतच नव्हतं.

मागून दारात सावली आली. भावानं भासऱ्याले बाहेर सांगितलं होतं, वाचा गेली म्हणून. तो उंबऱ्यात उभा राहून मायकडं पाहत होता. त्याचा चेहरा खरंच पडला होता, मी खोटं सांगणार नाही. हळू आवाजात तो म्हणाला, "अरेरे. केवढा ठेवा गेला. किती ओव्या असतील यांच्यापाशी. एकच दिवस आधी यायला हवं होतं." मंग भावाकडं वळून म्हणाला, "पण ताईंना येत असतील ना? लेकीला आईच्या ओव्या येतातच. त्यांनी आत्ता इथं बसून म्हटल्या, तर आईंनाही बरं वाटेल."

मी उठली. पदर मागं केला. पहिल्यांदा त्या माणसाचं तोंड मी नीट पाहिलं, गोरंगोमटं, उन्हानं लाल झालेलं, हुरड्याची काळी राख अजून ओठाच्या कडेले.

"येतात मले," मी म्हटलं. "तुमच्यासमोर म्हणणार नाही. तुमी गाडीत होते म्हणून मी जऊळक्याहून चालत आली. भासऱ्यासंगं सून गाडीत बसत नाही. तुमी मोटार नोको म्हटली, नाहीतर मी दुपारच्या आत इथं असती. माही माय दुपारपर्यंत बोलत होती. तवा तुमी हुरडा खात होते."

भाऊ म्हणाला, "चूप राय." वहिनीनं डोक्याले हात लावला. भासऱ्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "पण मला कोणी सांगितलं का नाही? एका शब्दानं जरी सांगितलं असतं..."

"सांगत नसतात," मी म्हटलं. "आमी कसे राहतो तेच पाहायले आले होते ना तुमी? असे राहतो."

तो दुसऱ्या दिवशी निघून गेला. मोटारीनं गेला. सासरी माह्या त्या बोलण्याचा बभ्रा झाला, सासरे बरेच दिवस माह्या हातचं जेवले नाहीत. मले त्याचं काही वाटलं नाही. भासऱ्याचं मात्र एक खरं होतं. कोणीतरी एका शब्दानं सांगायले पाहिजे होतं. माह्या घरात तेवढं तोंड कोणालेही नव्हतं, आणि ज्याच्याजवळ तोंड होतं त्याले डोळे नव्हते. दोघाईचाही राग माह्या मनातून गेला नाही.

माय मेली नाही. तिच्यात जीव होता. ती पुढं वर्षानुवर्षं जगली, उठून बसायले लागली, डाव्या हातानं जेवायले लागली. वाचा काही आली नाही. मी माहेरी गेली की तिच्याजवळ बसो आणि विचारो. "माय, तवा काय सांगायचं होतं? तुह्या पाटल्याईचं?" ती मान हलवे, नाही. "भावाचं काही? वहिनीचं?" नाही. "माह्या लग्नाचं? बापाचं? कोणाले काही द्यायचं राह्यलं?" नाही, नाही. कधी ती हाताच्या खुणा करे, घरातून दाराकडं, दारातून माह्याकडं. मले समजत नसे. मंग ती चिडे आणि रडे, आणि मीही रडो. वहिनी म्हणे, कायले विचारता, सोडून द्या. मले सोडवत नव्हतं. दर खेपेले मी नवीन काहीतरी शोधून नेओ आणि विचारो, आणि ती मान हलवे.

मंग एका दिवाळीले मी गेली आणि विचारलं, तर तिनं मान हलवली नाही. नुसती माह्याकडं पाहत राह्यली, प्रेमानं, पोरीकडं पाहावं तसं. मी पुन्हा विचारलं. तिले आता ठाऊकच नव्हतं, मी काय विचारून राह्यली ते.